प्रवासी नौकांचे अपघात : तोल नेमका कुठे जातो?

१८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी चारच्या सुमारास गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर नौदलाची एक वेगवान नौका येऊन आदळली. इंजिनाची चाचणी सुरू असताना त्या नौकेवरील नियंत्रण सुटले होते. या दुर्घटनेत १५ जण मृत्युमुखी पडले. नौदलाच्या नौकेवरील व्यक्तींचाही त्यांत समावेश होता. नाताळ अवघ्या आठवड्यावर आला होता आणि नौकेवर सुट्टीसाठी निघालेली कुटुंबे होती. ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी एवढाच परवाना असताना ‘नीलकमल’वर शंभराहून अधिक माणसे होती, ही गोष्ट नंतर उघड झाली.

त्यापूर्वी सात महिने, २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी, आपल्या पुणे जिल्ह्याच्या सीमेवर अशीच शोककथा घडली होती. करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी होडी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने उलटली. होडीत सात जण होते. त्यांपैकी एक जण पोहून काठाला लागला. दोन लहान मुलांसह सहा जण बुडाले.

पुणे शहराला समुद्र नाही. तरीही हा विषय पुणेकरांना परका नाही. उन्हाळ्याच्या आणि नाताळच्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे, युवकांचे गट आणि धर्मशिक्षण वर्गाची मुले मोठ्या संख्येने कोकणात जातात. राजपुरीहून जंजिऱ्याला होडीने, दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने, गेटवेहून घारापुरीला लाँचने प्रवास करतात. जवळच पानशेत, मुळशी आणि उजनी यांची विस्तीर्ण जलाशये आहेत. म्हणूनच अशा अपघातांनंतर हळहळ व्यक्त करून थांबणे आम्हांला पुरेसे वाटत नाही. नौका पाण्यावर उभी कशी राहते आणि तिचा तोल कशामुळे जातो, हे प्रत्येक प्रवाशाने समजून घ्यावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. नौका उलटते तेव्हा लाट किंवा वारा आपल्या डोळ्यांसमोर असतो. परंतु बहुतेक अपघातांत तिच्या अंगची सावरण्याची शक्ती धक्का सोडण्यापूर्वीच कोणी ना कोणी खर्चून टाकलेली असते.

‘रामदास’ची आठवण

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील सर्वांत भीषण प्रवासी दुर्घटना स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर घडली. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ‘रामदास’ ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढी अमावास्येचा सुमार होता आणि सणासाठी गावी निघालेल्या चाकरमान्यांनी बोट भरली होती. बोटीवर सुमारे सातशे माणसे होती. तासाभराच्या आतच वादळी पावसात एका मोठ्या लाटेचा तडाखा बोटीला बसला. घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. पावसाचा मारा अडवण्यासाठी बाजूंना ताडपत्र्या बांधल्या होत्या. त्यांत अनेक जण अडकले, असे वाचलेल्यांनी सांगितले. सहाशेहून अधिक लोक मृत्यू पावले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नसल्यामुळे दुपार उलटेपर्यंत मुंबईला या संकटाचा पत्ताही नव्हता. जे वाचले, त्यांतील अनेकांना रेवसच्या बाजूच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्यांतून काठावर आणले.

त्याच्या वीस वर्षे आधी, ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी कोकण किनाऱ्यावर बुडाल्या होत्या. आजही कोकणातील वृद्ध मंडळी या तिन्ही बोटींची नावे एका दमात घेतात. लोकांनी या घटनांचा दोष अमावास्येला दिला, समुद्राला दिला, दैवाला दिला. परंतु ‘रामदास’च्या कथेतील एक तपशील फार महत्त्वाचा आहे. लाटेने बोट कलली आणि त्याच क्षणी शेकडो माणसांचे वजन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेले. हे दुसरे वजन लाटेपेक्षा कमी घातक नव्हते.

नौका उभी कशी राहते?

पाण्यावर तरंगणाऱ्या प्रत्येक नौकेवर दोन बले काम करतात. नौका, तिच्यातील माणसे आणि सामान यांचे एकत्रित वजन एका बिंदूतून खाली ओढत असते. त्याला आपण गुरुत्वमध्य म्हणतो. नौकेने बाजूला सारलेले पाणी तिला वर उचलून धरते. हा आधार पाण्याखालील भागाच्या मध्यातून लागतो. नौका सरळ असताना दोन्ही बले एकाच उभ्या रेषेत असतात.

नौका एका बाजूला कलली की त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो आणि पाण्याचा आधार त्या बाजूला सरकतो. वजन मात्र आपल्या जागीच असते. त्यामुळे खाली ओढणारे आणि वर उचलणारे बल एका रेषेत राहत नाहीत आणि त्यांच्यामधील अंतरामुळे नौका पुन्हा सरळ होऊ पाहते. नौकाशास्त्रात ‘मेटासेंटर’ नावाचा एक बिंदू मानतात. नौका थोडीशी कललेली असताना पाण्याच्या आधाराची उभी रेषा नौकेच्या मध्यरेषेला ज्या ठिकाणी छेदते, तो हा बिंदू. गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल तोवर नौका सावरते. गुरुत्वमध्य त्याच्या वर गेला की सावरणारे बलच उलटवणारे बल बनते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. रुंद नौकेला सावरण्याची शक्ती अधिक मिळते आणि वजन जितके खाली तितके ते हितकारक असते. म्हणूनच जुन्या काळचे खलाशी रिकाम्या गलबताच्या तळाशी दगड भरून नीरम घालत. माणसे मात्र याच्या नेमके उलट वागतात. त्यांना वरचा मजला आवडतो, कारण तेथे वारा लागतो आणि देखावा दिसतो.

एक साधा हिशेब

केवळ समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. माणसांसह ४० टन वजनाची, ५ मीटर रुंदीची एक दुमजली लाँच आहे. तिचा गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या ६० सेंटिमीटर खाली आहे. तिच्यात ८० प्रवासी आहेत. प्रत्येकाचे वजन सरासरी ६५ किलो धरले, तर सर्वांचे मिळून ५.२ टन होते. हे सर्व जण काही पाहण्यासाठी सरासरी दीड मीटर एका बाजूला सरकले, तर लाँच सुमारे १८ अंशांनी कलेल. तिचा त्या बाजूचा काठ जवळजवळ ८० सेंटिमीटर खाली जाईल. तो काठ पाण्यापासून मुळातच तेवढ्या उंचीवर असेल, तर पाणी आत येऊ लागेल. येथे लाट नाही, वारा नाही, टक्कर नाही. केवळ माणसे जागेवरून उठली आहेत.

आता त्याच ८० जणांपैकी ४० जण तळमजल्यावरून अडीच मीटर उंच असलेल्या वरच्या मजल्यावर गेले, असे समजू. संपूर्ण नौकेचा गुरुत्वमध्य सुमारे १६ सेंटिमीटर वर चढेल आणि सावरण्यासाठी असलेले ६० सेंटिमीटरचे अंतर ४४ वर येईल. मग तेच प्रवासी तेवढेच सरकले, तर लाँच १८ ऐवजी २४ अंशांनी कलेल. प्रवासी संख्या एकानेही वाढलेली नाही. केवळ बसण्याची जागा बदलली आहे. त्यात परवान्यापेक्षा वीस-पंचवीस माणसे अधिक घेतली, तर काठ आधीच पाण्याजवळ आलेला असतो आणि बहुधा ही जादा माणसे वरच्या मजल्यावरच उभी असतात.

परवान्यावर लिहिलेला प्रवाशांचा आकडा अशा हिशेबातून येतो. ‘थोडी माणसे जास्त घेतली तर काय होते?’ या प्रश्नाचे उत्तर शांत पाण्यात ‘काहीच होत नाही’ असेच मिळते. आठवडेच्या आठवडे, वर्षानुवर्षे तेच उत्तर मिळत राहते. नौका डोळ्यांदेखत बुडत नाही, म्हणून आकडा कागदावरचा वाटू लागतो. प्रत्यक्षात ती शिल्लक वादळासाठी, टकरीसाठी, घाबरलेल्या माणसांच्या धावपळीसाठी राखून ठेवलेली असते आणि आपण ती रोजच्या तिकिटांत मोडत असतो.

आत आलेले पाणी

माणसांना ओरडून जागेवर बसवता येते, पाण्याला नाही. १० मीटर लांब व ४ मीटर रुंद अशा मोकळ्या तळावर केवळ १० सेंटिमीटर पाणी साचले, तरी त्याचे वजन ४ टन, म्हणजे साठेक माणसांइतके होते. नौका ज्या बाजूला कलेल, त्याच बाजूला ते सारे वाहत जाते आणि तिला आणखी कलवते. या धोक्यात तळाच्या रुंदीला फार महत्त्व आहे. तोच तळ मधोमध उभ्या भिंतीने दोन भागांत विभागला, तर वाहत्या पाण्याचा हा परिणाम एक चतुर्थांशावर येतो. वाहने नेणाऱ्या फेरीबोटींवर मात्र अशी भिंत घालणे अडचणीचे असते, कारण गाड्यांना मोकळी जागा हवी असते.

जगातील मोठ्या दुर्घटनांत हेच दिसते. ६ मार्च १९८७ रोजी ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही ब्रिटिश फेरीबोट बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून पुढील दरवाजे उघडे ठेवूनच निघाली. वाहनांच्या मजल्यावर पाणी शिरले आणि पाहता पाहता जहाज आडवे झाले; १९३ जण दगावले. ३ फेब्रुवारी २००६ रोजी तांबड्या समुद्रात ‘अल सलाम बोकाचिओ ९८’ या जहाजावर आग लागली. ती विझवण्यासाठी मारलेले पाणीच वाहनांच्या मजल्यावर साचले, जहाज उलटले आणि सुमारे एक हजार माणसे गेली. १६ एप्रिल २०१४ रोजी दक्षिण कोरियाचे ‘सेवोल’ उलटले. त्यावर नंतर वरचे बांधकाम वाढवले होते, माल क्षमतेपेक्षा फार अधिक आणि नीट न बांधता भरला होता आणि मालाला जागा व्हावी म्हणून तळातील स्थिरतेचे पाणी कमी केले होते. ३०४ जण मरण पावले, त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. जागेवरच थांबा, असे मुलांना सांगण्यात आले आणि कप्तान स्वतः मात्र बाहेर पडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी कोरियाच्या भेटीत या मुलांच्या कुटुंबीयांची भेट घेतली, हे वाचकांना स्मरत असेल.

संथ पाणी सुरक्षित असते का?

समुद्रापेक्षा तलाव सुरक्षित, अशी आपली समजूत असते. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळमधील थेक्कडीच्या पेरियार जलाशयात ‘जलकन्यका’ ही नवी दुमजली पर्यटक नौका उलटली. काठावरील वन्यप्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला सरकले होते. संथ पाण्यात ४५ जण बुडाले. वर दिलेला काल्पनिक हिशेब तेथे प्रत्यक्षात उतरला. ७ मे २०२३ रोजी केरळमधीलच तानूर येथे २२ जणांचा बळी घेणारी नौका मुळात मासेमारीची होती. तिचे रूपांतर करून तिच्यावर पर्यटकांना चढवले होते आणि तेही क्षमतेपेक्षा जास्त संख्येने.

उजनीची गोष्ट याहून वेगळी आहे आणि अधिक क्लेशदायक आहे. कुगावच्या होडीतील माणसे सहलीला निघाली नव्हती. भीमेवर धरण झाल्यावर पूर्वी शेजारी असलेली गावे जलाशयाच्या दोन तीरांवर गेली. रस्त्याने फार मोठा वळसा पडतो, म्हणून माणसे होडीने ये-जा करू लागली. मेअखेरच्या वळिवात जलाशयावर वारा किती झपाट्याने उठतो, हे तेथील प्रत्येकाला ठाऊक आहे. पण पलीकडे जाणे भाग असते. अशा लोकांना ‘होडीत बसू नका’ असे पुण्यात बसून सांगणे सोपे आहे. त्यांना पूल हवा, आणि पूल होईपर्यंत तपासलेली होडी व अंगावर जीवनरक्षक जॅकेट हवे.

नियम आहेत, मोजणारा हवा

कायद्याची उणीव आहे, असे आम्हांला वाटत नाही. जहाजाच्या अंगावर भाररेषा आखण्याची सक्ती सॅम्युएल प्लिमसोल यांच्या चिकाटीमुळे ब्रिटनमध्ये १८७६ साली झाली. आपल्याकडे १९१७ च्या जुन्या अंतर्देशीय नौका कायद्याची जागा २०२१ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. त्यात यांत्रिक नौकांची नोंदणी, तपासणी व विमा यांची तरतूद आहे आणि बिनयांत्रिक होड्यांच्या नोंदणीची जबाबदारी स्थानिक पातळीवर सोपवण्याची वाट दाखवली आहे. राज्याच्या किनाऱ्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळ १९९६ पासून कार्यरत आहे. बंदरे आणि लाटा यांचा प्रतिकृतींद्वारे अभ्यास करणारी, १९१६ साली स्थापन झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था तर आपल्या खडकवासल्यातच आहे. ज्ञान आणि नियम हाताशी आहेत. उणीव आहे ती शेवटचे तिकीट फाडल्यावर ‘आता पुरे’ म्हणणाऱ्या माणसाची.

मोजणी सुटली की काय घडते, ते जगाने पाहिले आहे. सेनेगलचे ‘जोला’ जहाज सुमारे ५८० जणांसाठी होते. २६ सप्टेंबर २००२ रोजी त्यावर त्याच्या तिपटीहून अधिक माणसे होती आणि अठराशेहून अधिक मरण पावली. २० डिसेंबर १९८७ रोजी फिलिपिन्समध्ये नाताळसाठी घरी निघालेल्या प्रवाशांनी गच्च भरलेले ‘दोन्या पाझ’ एका तेलवाहू जहाजावर आदळून पेटले. चार हजारांहून अधिक बळी गेले, आणि त्यांतील असंख्य जणांची नावे प्रवाशांच्या यादीतच नव्हती. संख्या न मोजणे म्हणजे त्या माणसांना आधीच बेपत्ता करणे होय.

याउलट १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ ‘अजंठा’ ही प्रवासी लाँच बुडू लागली, तेव्हा पोलिसांची गस्ती नौका जवळच होती. तिने ८८ प्रवाशांना सुखरूप वाचवले. मदत मिनिटांत पोहोचली म्हणून हे साधले. ‘नीलकमल’च्या बाबतीतही न्यायाने बोलले पाहिजे. तेथे टक्कर हे अपघाताचे कारण होते आणि त्याचा दोष त्या नौकेवर किंवा तिच्या प्रवाशांवर टाकता येणार नाही. मात्र टक्कर झाल्यावर किती जण वाचतात, हे आत किती माणसे होती आणि किती जणांच्या अंगावर जॅकेट होते यांवर ठरते. त्या दुर्घटनेनंतर गेटवेच्या प्रवासी नौकांवर जॅकेट सक्तीचे करण्यात आले. ही सक्ती आधीच अमलात असती, तर काही घरांतील नाताळ वेगळा झाला असता.

आपण काय करू शकतो?

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायातील संत पौलाचा रोमकडील समुद्रप्रवास आपण अनेकदा ऐकला आहे. त्याकडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. प्रवासाचा काळ उलटून गेला आहे, पुढे जाणे धोक्याचे आहे, असे पौलाने सांगितले. परंतु शताधिपतीने त्याच्यापेक्षा सुकाणूधराचे आणि जहाजमालकाचे ऐकले. पुढे वादळात माल समुद्रात फेकावा लागला. खलाशी लहान होडीतून निसटू पाहत होते, तेव्हा ते जहाजावर राहिले नाहीत तर कोणीच वाचणार नाही, हे पौलानेच ओळखले. शेवटी जहाज फुटले, पण २७६ माणसे किनाऱ्याला लागली. देवावरील श्रद्धेने पौलाला वाऱ्याकडे व माणसांच्या संख्येकडे दुर्लक्ष करायला शिकवले नव्हते. आमच्या मते श्रद्धा आणि सावधगिरी यांत विरोध पाहणाऱ्यांना एवढे उदाहरण पुरेसे आहे.

म्हणून धर्मग्रामांच्या सहली आयोजित करणाऱ्यांना आमची काही नम्र सूचना आहे. नौकेत चढण्यापूर्वी परवान्यावरील संख्या विचारावी आणि आपली माणसे मोजावीत. संख्या जास्त होत असेल तर दोन फेऱ्या कराव्यात. त्यासाठी लागणारा तासभर वेळ कार्यक्रमपत्रिकेत आधीच धरावा. जॅकेट नुसते बाकाखाली नसावे, ते अंगावर बांधलेले असावे, आणि मुलांना त्यांच्या मापाचे मिळावे. मुलांना आधी खाली बसवावे आणि देखावा पाहण्यासाठी किंवा छायाचित्रासाठी सर्वांनी एका बाजूला गर्दी करू नये. फेरीबोटीवर गाडी चढवल्यावर हातब्रेक लावून गाडीतून बाहेर यावे. आभाळ भरून आले असेल आणि तांडेल ‘आज नको’ म्हणाला, तर त्याचे आभार मानावेत आणि आगाऊ दिलेल्या पैशांसाठी त्याच्याशी वाद घालू नये.

ही शेवटची गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. नौका जास्त भरणाऱ्या मालकाला आपण लोभी म्हणतो आणि काही वेळा ते खरेही असते. परंतु आठ महिन्यांच्या हंगामावर वर्ष काढणाऱ्या त्या माणसावर धक्क्यावरून दबाव आणणारे आपणच असतो. ‘आमचा ग्रुप एकत्रच जाणार’, ‘एवढे दहा जण घ्या ना’, ‘लहान मुलांना कशाला मोजता?’ ही वाक्ये आपल्या सहलींत बोलली जातात. पन्नास जणांचा गट घेऊन आलेला धर्मगुरू किंवा शिक्षक जेव्हा ‘आम्ही थांबतो’ म्हणतो, तेव्हा नियम पाळणारा तांडेल तोट्यात जात नाही. नियम पाळणे परवडावे, अशी परिस्थिती प्रवासीही निर्माण करू शकतात.

जुलै महिन्याचा दुसरा रविवार ख्रिस्तसभा सागरी रविवार म्हणून पाळते आणि खलाशांसाठी प्रार्थना करते. ‘रामदास’ही जुलैमध्येच बुडाली. या वर्षीच्या प्रार्थनेत खलाशांबरोबर कुगाव-कळाशीच्या होडीतून रोज पलीकडे जाणाऱ्या माणसांचीही आठवण व्हावी आणि तेथील पुलाच्या मागणीसाठी निवेदनावर सह्या मागितल्या गेल्या, तर आपल्या वाचकांनी त्या अवश्य कराव्यात.